चाळिशीतला स्टार संघाच्या कामाचा असतो का? असतो, पण ते पॉइंट्स मोजून कळत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोपरखैरण्याचे, अर्धा ऑफिसचा आणि अर्धा सोसायटीचा असा बास्केटबॉल संघ चालवता. संघात एक दादा आहेत, वय 41, एके काळी राज्य पातळीवर खेळलेले. पोरांचं म्हणणं, दादांमुळे आपण डिफेन्समध्ये मार खातो. दादांचं म्हणणं, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, लेब्रॉन जेम्स चाळिशीत खेळतोय, मग मला काय धाड भरलीय? आणि तुम्ही विचारताय की वय झालेले स्टार संघाला खरंच काही देतात, की नुसते नावावर जागा अडवून बसतात.

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलेजात पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी) म्हणून खेळायचे, त्यामुळे बास्केटबॉलवाले एकमेकांना माझ्याकडे पाठवतात. रविवारी सकाळी वाशीत तिशी-चाळिशीतल्या मंडळींचे सामने असतात, तिथेही टेप आणि बर्फ घेऊन मी बाजूला बसलेली असते. एनबीए तुमच्यासारखीच मोबाइलवर बघते; चाळिशीचे गुडघे मात्र रोज हाताखालून जातात.

दादा खेळू शकतात की नाही, हा तुमचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. ते खेळतातच आहेत. प्रश्न हा आहे की त्यांच्या असण्याने संघाला किती मिळतं, आणि तेवढं मिळवायला बाकीच्या चौघांना किती भरावं लागतं. एनबीएतल्या म्हाताऱ्या स्टार्सबद्दलचे सगळे वादही शेवटी याच हिशेबावर येतात.

यात बरंच काही परिस्थितीवर आहे, ते आधीच सांगते. दादा कुठल्या जागेवर खेळतात, आधी काय काय दुखावलंय, बाकीचे चौघं किती पळतात, स्पर्धा दोन दिवसांत उरकायची आहे की दर रविवारी एक सामना, यावर उत्तर बदलतं. आणि सगळ्यात जास्त बदलतं ते दादा कमी मिनिटं मान्य करतात का, यावर. खेळाडूला न बघता छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

आता शरीराकडे. वय वाढतं तेव्हा सगळं एकाच वेगाने उतरत नाही. स्नायूंची ताकद बऱ्यापैकी टिकते, आधी जातो तो झटका. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त जोर लावणारे स्नायूंचे तंतू वयानुसार बारीक होत जातात. म्हणून चाळिशीतला माणूस जिममध्ये पंचविशीतल्या पोराइतकं वजन उचलतो, आणि कोर्टावर त्याच पोरासमोर रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल, हरतो. कोणाचं शरीर किती उतरलंय हे बघायचं असेल तर मी पहिली उडी बघत नाही. पहिली उडी सगळे मारतात, तयारीला वेळ असतो. बॉल बोटांना लागून वर उडाला की लगेच दुसरी मारावी लागते, ती बघते. जमिनीला पाय लागला आणि गुडघे वाकून थांबले, मग माणूस वर गेला, की समजायचं.

त्याच्याही आधी जातं ते थांबणं. पळणं त्यामानाने सोपं असतं. भरधाव पळताना दोन पावलांत थांबून बाजूला वळायचं, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर धरावा लागतो, आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) येतो. जुन्या रिक्षाचं इंजिन फुर्र करून चालू होतं पण ब्रेक दोनदा दाबावा लागतो, तशी ही अवस्था. आणि बास्केटबॉलमधला मॅन-टू-मॅन डिफेन्स, जिथे प्रत्येकाने समोरचा एकेक माणूस धरायचा, म्हणजे ब्रेकचाच खेळ. समोरचा कुठे वळणार ते त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. तो वळल्यावर तुम्ही थांबून वळायचं, तेही त्याच्याआधी.

तिसरी गोष्ट म्हणजे भरून येणं. पंचविशीत शनिवारी सामना खेळलं की रविवारी सकाळी माणूस पुन्हा तयार असतो. चाळिशीत तसं होत नाही. टेंडनची दुरुस्ती एरवीही सावकाश होते, त्यात झोप कमी आणि दिवसभर खुर्चीत बसायचं काम. चाळिशीतला माणूस एका दिवशी अगदी जुन्यासारखा खेळू शकतो. तो दिवस पुन्हा किती दिवसांनी येतो, हे विचारायला हवं.

आणि टिकतं काय? हाताची नजर टिकते. पास कुठे द्यायचा, कुठे उभं राहायचं, पिक लावताना, म्हणजे साथीदाराला वाट करून द्यायला आडवं उभं राहताना, अंग कसं टेकवायचं, फाउल कसा काढायचा, हे टिकतं, काही जणांचं तर वाढतं. लेकर्स संघाच्या करीम अब्दुल-जब्बारचा स्कायहूक (हात डोक्यावरून वळवून मारायचा शॉट) उडीवर अवलंबून नव्हता. उंची, लांब हात आणि मनगट, बस्स. 1985 च्या फायनलचा पहिला सामना लेकर्स बॉस्टनकडून 148-114 असा हरले. करीमचे 12 पॉइंट्स, रिबाउंड फक्त 3. वय 38, त्यामुळे सगळ्यांनी त्याला निकालात काढलं. पुढच्याच सामन्यात 30 पॉइंट्स, 17 रिबाउंड आणि 8 असिस्ट (बास्केट करून देणारे पास). लेकर्स मालिका जिंकले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तो निवृत्त झाला 1989 मध्ये, 42 व्या वर्षी.

म्हणजे पॉइंट्स सगळ्यात शेवटी जातात. आणि म्हणूनच ते सगळ्यात जास्त फसवतात.

मायकेल जॉर्डन वॉशिंग्टनकडून खेळायला परत आला तेव्हाची गोष्ट घ्या. डिसेंबर 2001 मध्ये, 38 व्या वर्षी त्याने एका सामन्यात 51 पॉइंट्स केले. फेब्रुवारी 2003 मध्ये, चाळिशी पूर्ण झाल्यावर चारच दिवसांनी 43. त्या शेवटच्या हंगामात तो सगळे 82 सामने खेळला आणि सरासरी होती 20. कागदावर बघितलं तर कोण नको म्हणेल? पण संघाने त्या दोन्ही हंगामांत 37 सामने जिंकले आणि 45 हरले, प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, एकदाही गाठता आली नाही. दोष एकट्या जॉर्डनचा होता असं मी म्हणणार नाही, संघच कच्चा होता. पण म्हाताऱ्या स्टारभोवती कच्चा संघ असला की सगळे बॉल त्याच्याकडे देऊन बघत उभे राहतात, आणि पोरं शिकायची राहतात. कोबी ब्रायंटचा शेवटचा सामना तर सगळ्यांनाच पाठ आहे. एप्रिल 2016, 60 पॉइंट्स. त्यासाठी त्याने 50 शॉट मारले आणि त्या हंगामात लेकर्स 17 जिंकून 65 हरले. निरोप म्हणून डोळ्यात पाणी आणणारं होतं, पण संघ चालवायची ती पद्धत नव्हे.

दुसऱ्या बाजूला बघा. जेसन किड तरुणपणी बाहेरून शॉट मारण्यात यथातथाच होता, त्याची सगळी मदार वेगावर आणि पासवर. वेग उतरायला लागला तशी त्याने थ्री-पॉइंटरवर (लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या, तीन पॉइंट्सच्या शॉटवर) मेहनत घेतली. 2011 मध्ये डॅलस जिंकलं तेव्हा तो 38 वर्षांचा होता, आणि निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीतल्या थ्री-पॉइंटर्सच्या यादीत तिसरा होता. व्हिन्स कार्टरला लोक 2000 च्या डंक (उंच उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबायच्या) स्पर्धेमुळे ओळखतात, पण तो 22 हंगाम खेळला तो डंकवर नाही. नंतरची कित्येक वर्षं बेंचवरून येऊन बाहेरून शॉट मारायचे आणि पोरांना सांभाळायचं, हे त्याने आनंदाने केलं. अल हॉर्फर्ड पहिली बरीच वर्षं थ्री-पॉइंटर जवळपास मारतच नव्हता. तिशी जवळ आल्यावर मारायला लागला, आणि 2024 मध्ये बॉस्टनबरोबर पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा 38 वर्षांचा होता. लागोपाठच्या दोन दिवशी सामने आले की बॉस्टन त्याला सहसा एकाच दिवशी खेळवायचं. यातल्या कोणाचेही पॉइंट्स बघून तुम्हाला तो संघाचा कणा वाटणार नाही.

सॅन अँटोनियोचा मनू जिनोबिली माझा आवडता, त्यामुळे जरा पक्षपात समजून वाचा. ऐन भरात असताना त्याने बेंचवरून यायचं मान्य केलं. 2008 चा सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतल्या सर्वोत्तमाचा, मान त्याला मिळाला. म्हणजे वय झाल्यावर भूमिका कमी करायची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी नवीन काही नव्हतं. मे 2017 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध प्लेऑफचा पाचवा सामना जादा वेळेत गेला. शेवटच्या क्षणी जेम्स हार्डन बरोबरी साधायला थ्री मारायला वर गेला आणि 39 वर्षांच्या मनूने मागून येऊन बॉल अडवला. तो क्लिप पुन्हा बघा. हार्डनच्या पायांशी पाय लावून पळायचं वय गेलेलं होतं, म्हणून त्याने मागून वेळ साधली.

आता लेब्रॉन, कारण दादांची सगळी बाजू त्याच्यावर उभी आहे. 2024-25 हा त्याचा 22 वा हंगाम होता. त्यात त्याची सरासरी 24.4 पॉइंट्स होती आणि हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात तो निवडला गेला. पण त्याच हंगामाच्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्धचा चौथा सामना आठवा. लेकर्सच्या कोचने दुसऱ्या हाफमध्ये पाचच्या पाच खेळाडू तेच ठेवले, एकही बदल नाही. लेकर्स पुढे होते, शेवटच्या क्वार्टरमध्ये मिनेसोटाने सामना फिरवला आणि 116-113 असा जिंकला. नेमकी दमणूकच कारणीभूत होती असं एका सामन्यावरून सिद्ध करता येत नाही, पण चाळीस वर्षांच्या माणसाला चोवीस मिनिटं सलग ठेवण्याचा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. त्याच लेब्रॉनला आदल्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बघा. सामना 48 ऐवजी 40 मिनिटांचा, बाजूला स्टीफन करी आणि केव्हिन ड्युरांट, बेंचवर एकाहून एक मंडळी. तिथे तो 39 व्या वर्षी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि फायनलमध्ये 36 वर्षांच्या करीने 24 पॉइंट्स केले, आठच्या आठ बास्केट थ्री-पॉइंटरच्या. माणूस तोच. मिनिटं आणि सोबत बदलली की वय निराळं दिसतं.

शिवाय लेब्रॉनचं कामच शरीर सांभाळणं आहे. दिमतीला माणसं आहेत, लाकडी कोर्ट आहे, दुपारची झोप आहे. आपल्याकडे माणूस महापेच्या ऑफिसातून साडेसहाला निघतो किंवा घोडबंदर रोडवर तासभर क्लच दाबत बसतो, कंबर आखडलेली असते, आणि गाडी लावली की थेट सिमेंटच्या कोर्टवर उतरून पहिल्या मिनिटाला फास्ट ब्रेक (बॉल मिळताच सुसाट पुढे) पळतो. माझ्याकडे पोटरी धरून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची कहाणी एवढीच असते.

एका सामन्यावर थोडं थांबते, कारण तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. 18 जून 2013, फायनलचा सहावा सामना, मायामी विरुद्ध सॅन अँटोनियो. सॅन अँटोनियो जिंकलं असतं तर विजेतेपद तिथेच त्यांचं झालं असतं. शेवटचे काही सेकंद उरले होते, ते तीन पॉइंट्सनी पुढे. मायामी थ्री मारणार हे उघड होतं. अशा वेळी डिफेन्समध्ये सगळ्यांनी एकमेकांची माणसं झटपट बदलून घेत बाहेरच्या शॉटवर धावायचं असतं. 37 वर्षांचा टिम डंकन तिथवर धावायला कमी पडेल, म्हणून कोच पोपोविचने त्याला बेंचवर बसवलं. हिशेब अगदी बरोबर होता. लेब्रॉनने थ्री मारला, तो चुकला. आणि रिबाउंड घेतला मायामीच्या ख्रिस बॉशने, कारण ज्याने तो घ्यायचा तो डंकन बाजूला बसला होता. बॉशने बॉल कोपऱ्यात दिला. तिथे रे अॅलन. तो 37 वर्षांचा, डंकनपेक्षा थोडा मोठाच. बास्केटखालून तो उलट्या पावलांनी मागे गेला, खाली रेषेकडे न बघता पाय बरोबर थ्रीच्या रेषेबाहेर टेकवले, आणि मारला. 5.2 सेकंद उरले असताना बरोबरी. मायामीने तो सामना जादा वेळेत जिंकला, पुढचाही.

बघा आता. एकाच क्षणी, एकाच वयाची दोन माणसं. एक जण डिफेन्समध्ये महाग पडतो म्हणून बाहेर, आणि तो बाहेर असल्याचीही किंमत मोजावी लागली. दुसऱ्याला त्या क्षणी वेग लागलाच नाही. मागे सरकत पाय जुळवायचे आणि मारायचं, एवढं एकच काम, आणि ते त्याने सरावात अनंत वेळा केलेलं होतं. पोपोविच चुकला असं मी कधीच म्हणत नाही. चाळिशीकडे झुकलेला स्टार संघात असला की कोचला हा सौदा दर दोन मिनिटांनी करावा लागतो, आणि कधीतरी तो अंगावर येतो.

त्याच पोपोविचने पुढच्या वर्षी काय केलं तेही सांगते. 2013-14 च्या हंगामात सॅन अँटोनियोच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही. डंकन 38 व्या वर्षी ताजातवाना फायनलमध्ये पोचला, आणि त्यांनी मायामीला 4-1 असं हरवलं. हा माणूस आधीपासूनच असा. 2012 मध्ये एकदा डंकनला विश्रांती दिली तेव्हा सामन्याच्या अधिकृत तक्त्यात न खेळण्याचं कारण म्हणून ‘म्हातारा’ एवढंच छापून आलं होतं. डंकन चिडल्याचं कधी ऐकलं नाही. तुमच्या ग्रुपवर कोणी दादांबद्दल असं टाकलं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हालाच असेल.

ड्रेसिंग रूममधल्या उपयोगाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याचा लोक जरा अतिरेक करतात. मायामीचा युडोनिस हॅसलेम 20 हंगाम एकाच संघात राहिला, शेवटच्या काही वर्षांत जेमतेम खेळला, तरी संघाला तो हवा होता. हे खरं आहे. पण एनबीएच्या संघात पंधरा जणांना जागा असते. तुमच्याकडे रविवारी नऊ जण आले तरी नशीब. तुमच्या दादांनी खेळायलाच हवं.

थोडक्यात इथवर: शॉट आणि डोकं टिकतं, ब्रेक आणि भरून येणं आधी जातं, म्हणून दादांना पॉइंट्सवर तोलू नका, आणि लेब्रॉनवर तर नकोच. आता करायचं काय ते.

पहिलं, तपासणी. दादा नियमित धावत-खेळत नसतील तर आधी डॉक्टरकडून बीपी, शुगर आणि हृदय बघून घ्या. खेळताना छातीत आवळल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. लिंबूसरबत देऊन पुन्हा उतरवायचं नाही.

दुसरं, पोटरी. जिन्याच्या पायरीपाशी भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, आणि टाच पूर्ण वर उचलून सावकाश खाली. एका पायाने साधारण पंचवीस वेळा व्यवस्थित झालं तर ठीक. मोजताना माणूस काय काय चोरतो ते बघा: बारा-पंधरानंतर टाच अर्धीच उचलली जाते, गुडघा वाकायला लागतो, किंवा दोन बोटांच्या जागी आख्खा तळवा भिंतीवर येतो. तिथेच मोजणं थांबवायचं. दोन पायांत पाचाहून जास्त फरक आला तर कमी पायावर आधी काम करायचं. आणखी एक विचारा: सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेच्या मागे धरतं का? धरत असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर अकिलिस टेंडन तक्रार करतंय. कोबीचं तेच टेंडन 2013 मध्ये 34 व्या वर्षी तुटलं, ओळीने बरेच सामने चाळीसहून जास्त मिनिटं खेळल्यावर. ड्युरांटचंही 2019 मध्ये तुटलं, पण तो दीड वर्षाने परतला आणि तोच शॉट मारायला लागला, कारण त्याचा खेळ उंचीवर आणि हातावर जास्त आहे. आपल्या माणसाला दीड वर्षाची रजा कोण देणार?

तिसरं, मिनिटं. तुमचे सामने दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचे असतील तर दादांना स्टार्टिंग फाइव्हमध्ये ठेवू नका. पहिली पाच मिनिटं दोन्ही संघ सुसाट पळतात, तेव्हा पोरांनाच पळू द्या. समोरच्यांची पहिली वाफ गेली की पहिल्या क्वार्टरच्या शेवटी दादांना उतरवा, चार-पाच मिनिटं सलग, मग बाहेर. बाहेर असताना त्यांनी खुर्चीत बसून राहायचं नाही, बाजूला चालत राहायचं, नाहीतर परत उतरताना अंग थंड झालेलं असतं. आणि शेवटची चार मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा. फ्री थ्रो, बॉल सांभाळणं, घाईचा पास टाळणं, हे सगळं तेव्हाच लागतं. सगळी मिळून सोळा-अठरा मिनिटं झाली तरी पुरे.

चौथं, डिफेन्स. पोरांची तक्रार खरी आहे, ती मोडीत काढू नका. दादांना समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ माणसासमोर मॅन-टू-मॅन उभं केलंत तर तुम्हीच त्यांना उघडं पाडताय. दादा कोर्टात असतील तेव्हा झोन (माणसाऐवजी जागा राखायची पद्धत) लावा, दोन पुढे तीन मागे, आणि त्यांना मागच्या मधल्या जागेवर ठेवा. तिथून सगळं कोर्ट समोर दिसतं, बाजूला सरकायचं अंतर कमी असतं, आणि त्यांचं मुख्य काम असतं बोलणं: डावीकडे पिक येतोय, कोपरा उघडा आहे, बॉक्स कर (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीने अडव). जो माणूस राज्य पातळीवर खेळलाय त्याला हे दोन सेकंद आधी दिसतं. आक्रमणात त्यांना फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी बॉल द्या आणि पोरांना त्यांच्याभोवती कापत जाऊ द्या. पास येईल. फास्ट ब्रेकला दादांची वाट बघू नका, ते मागून येतील आणि बऱ्याचदा थ्रीसाठी मोकळे सापडतील.

दोन दिवसांच्या स्पर्धेत तीन सामने आले तर शनिवार संध्याकाळ आणि रविवारची फायनल दादांची, रविवार सकाळ पोरांची. सकाळीच हरलो तर फायनल कसली, असं पोरं म्हणतील. म्हणू द्या. दादांशिवाय एक सामना काढता येत नसेल तर संघाची अडचण दादांचं वय नाही.

पावसाळ्यात रंग दिलेल्या सिमेंटच्या कोर्टवर नुसती ओल असली तरी त्यांना उतरवू नका. पंचविशीतला घसरतो आणि हसत उठतो.

राहिलं ते बोलणं, आणि ते तुम्हालाच करावं लागेल, कप्तान म्हणून. यादी ग्रुपवर टाकायच्या आधी. पोरांसमोर नाही, सामन्यानंतर चहाच्या टपरीवर घोळक्यात तर नाहीच. ‘दादा, तुमचं वय झालं’ असं म्हणायची गरज नाही, ते त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं. सकाळी जिना उतरताना रोज कळतं. ‘दादा, शेवटची चार मिनिटं मला तुम्ही ताजे हवेत, म्हणून सुरुवातीला बसवतोय’ असं सांगा. हे खरंही आहे, त्यामुळे तोंडावर सांगायला जड जाणार नाही. ते नाराज झाले तर होऊ द्या, दोन सामने बघा. माझा अनुभव असा की शेवटच्या चार मिनिटांत एकदा सामना हातात आला की सुरुवातीच्या बसण्याचं कोणाला काही वाटत नाही. आणि तरीही ते म्हणाले की खेळेन तर पूर्ण चाळीस मिनिटं, नाहीतर नाही, तर मग मात्र पोरांचं ऐका.

टाच उचलायचे आकडे दोन्ही पायांचे वेगवेगळे लिहून कळवा, आणि दादांचे गुडघे किंवा घोटे आधी कधी दुखावलेत का तेही. मग व्यायाम कुठला आणि किती, ते नेमकं सांगता येईल.